सत्तावीस स्ट्राइकआउटच्या पलीकडे: नेचायचा 1952 की गुडनचा 1983?

मायनर लीग बेसबॉलमध्ये, म्हणजे मेजर लीग या सर्वोच्च पातळीच्या खालच्या पायऱ्यांवर, पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) सर्वात मोठा हंगाम कोणाचा, हा वाद निघाला की चार नावं हमखास पुढे येतात: 1946 चा बिल केनेडी, 1952 चा रॉन नेचाय, 1960 चा स्टीव्ह डाल्कोव्स्की आणि 1983 चा ड्वाइट गुडन. तुम्हाला यातल्या एकालाच मत द्यायचं असेल, तर माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या वादात नेचायवर अन्याय होतो. त्याची 27 स्ट्राइकआउटची एक संध्याकाळ सगळ्यांना तोंडपाठ असते, उरलेल्या उन्हाळ्याकडे मात्र कोणी बघत नाही.

क्रिकेटवर वाढलेल्यांसाठी थोडं आधी. बॅटरने मारताना हुकवलेला किंवा चौकटीत असूनही सोडलेला चेंडू म्हणजे स्ट्राइक. असे तीन स्ट्राइक झाले की स्ट्राइकआउट, म्हणजे क्षेत्ररक्षकांना त्रास न देता पिचरने काढलेला गडी. नऊ इनिंगच्या सामन्यात कसेही करून एकूण 27 गडी बाद करायचे असतात, दर इनिंगला तीन. वॉक म्हणजे चार चेंडू चौकटीबाहेर टाकून बॅटरला फुकटात दिलेला पहिला बेस. आणि ईआरए म्हणजे पिचरच्या खात्यावर नऊ इनिंगमागे सरासरी किती धावा लागल्या ते. तो तीनच्या खाली असला तर काम चोख, दोनच्या खाली म्हणजे फारच थोड्यांना जमलेलं.

डाल्कोव्स्कीला मी जड मनाने बाजूला ठेवतो. जाड भिंगाचा चष्मा लावणारा हा डावखुरा; त्याच्याइतका वेगवान चेंडू कोणीच टाकला नाही, असं त्याला पाहिलेले लोक सांगत राहिले. 1960 मध्ये स्टॉकटनकडून 170 इनिंगमध्ये त्याने 262 स्ट्राइकआउट घेतले आणि वॉकही बरोबर 262 दिले. असा हंगाम पुन्हा होणे नाही, पण 7 विजय, 15 पराभव आणि 5.14 ईआरए यांना सर्वोत्तम म्हणता येत नाही. त्याचाच विचार करायचा असेल तर 1962 चा एल्मायरातला हंगाम घ्या. मॅनेजर अर्ल वीव्हरच्या हाताखाली त्याचा ईआरए 3.04 वर आला आणि 160 इनिंगमध्ये वॉक फक्त 114. पुढच्याच वर्षी सराव शिबिरात कोपर गेलं आणि मेजर लीगमध्ये त्याला एकही सामना मिळाला नाही.

केनेडीचे आकडे कागदावर सर्वात भारी आहेत. रॉकी माउंटकडून 28 विजय, 3 पराभव, 1.03 ईआरए आणि 280 इनिंगमध्ये 456 स्ट्राइकआउट. पण कोस्टल प्लेन लीग ही डी वर्गाची, म्हणजे अगदी तळाची पायरी होती. केनेडी तेव्हा 25 वर्षांचा, आणि समोर बरीचशी नुकता हात बसू लागलेली पोरं. वय आणि पायरी या दोन्ही गोष्टी त्याच्या विरोधात जातात. एवढा भार एका खांद्याने वाहिला याचं कौतुक मात्र आहेच.

आता खरी लढत. गुडन 1983 मध्ये लिंचबर्गकडून खेळला तेव्हा 18 वर्षांचा होता. 19 विजय, 4 पराभव, 2.50 ईआरए, 191 इनिंगमध्ये 300 स्ट्राइकआउट. एवढ्या कोवळ्या वयात, कॅरोलायना लीगमध्ये, हंगामभर. पुढच्या वर्षी न्यूयॉर्क मेट्सकडून मेजर लीगमध्ये 276 स्ट्राइकआउट घेऊन तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. बहुतेकांची मतं इथेच पडतात.

नेचायची सुरुवात डी वर्गातली, हे खरंच. 13 मे 1952 ला ब्रिस्टलमध्ये वेल्च मायनर्सविरुद्ध त्याने एकही हिट (बॅटरने चेंडू मारून गाठलेला बेस) न देता 27 स्ट्राइकआउट घेतले. तेव्हा तो 19 वर्षांचा होता. पोटात अल्सर, त्यामुळे सामना चालू असताना दूध आणि कॉटेज चीजवर दिवस काढणं चाललेलं. गंमत अशी, की एक गडी साध्या ग्राउंडरवर, म्हणजे जमिनीवरून मारलेल्या चेंडूवर, बाद झाला होता, म्हणजे हिशोब 26 वर थांबायला हवा. पण नवव्या इनिंगमध्ये तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून निसटला आणि बॅटर पहिल्या बेसवर पोचला. नियमाप्रमाणे पिचरच्या नावावर स्ट्राइकआउट लागतो, पण गडी बाद होत नाही. म्हणून त्या इनिंगमध्ये त्याला चार जणांना स्ट्राइकआउट करावं लागलं.

ब्रिस्टलमध्ये तो जेमतेम 43 इनिंग राहिला: 109 स्ट्राइकआउट, 0.42 ईआरए. मग दोन पायऱ्या वरच्या, बी वर्गातल्या बर्लिंग्टन-ग्रॅहम संघात बढती मिळाली, आणि माझ्या मते नेचायची खरी बाजू इथे आहे. ही तीच कॅरोलायना लीग, जिच्यात 31 वर्षांनी गुडन खेळला. नेचायने तिथे 126 इनिंगमध्ये 172 स्ट्राइकआउट घेतले, ईआरए 1.57. गुडनपेक्षा जवळजवळ एक धाव कमी. नोंद मात्र 7 विजय, 9 पराभव. इतक्या कमी धावा देऊन नऊदा हरणाऱ्या पिचरच्या संघाची बॅट चाललेली नसते, एवढं त्या आकड्यांवरूनच कळतं.

दोन्ही मुक्काम जोडले तर सुमारे 169 इनिंग आणि 281 स्ट्राइकआउट, नऊ इनिंगमागे 15. गुडनचे 14.1, केनेडीचे 14.7. इनिंगमध्ये गुडन 22 ने पुढे, बस.

मग नेचाय मागे का पडतो? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मेजर लीगमधल्या पिट्सबर्ग पायरेट्सने त्याला वर बोलावलं आणि तिथे त्याचं 1 विजय, 6 पराभव, 7.08 ईआरए झालं. पुढे सैन्यभरती, अल्सर, खांद्याची दुखापत, आणि कारकीर्द संपली. पण प्रश्न मायनर लीगच्या हंगामाचा आहे. गुडनला 1984 चे गुण द्यायचे आणि नेचायचे 1952 च्या ऑगस्टनंतरचे गुण कापायचे, हे मला पटत नाही.

गुडनच्या बाजूने एकच मुद्दा मी मनापासून मानतो: वय. 19 आणि 18 यांत पिचरच्या खांद्याच्या दृष्टीने मोठं अंतर असतं, आणि गुडनने अख्खा हंगाम एकाच पायरीवर काढला. डी वर्गातल्या सोप्या आकड्यांची त्याला साथ नव्हती. तुम्हाला वय सगळ्यात महत्त्वाचं वाटत असेल तर बिनदिक्कत गुडन निवडा. माझं मत नेचायला, आणि ते ब्रिस्टलसाठी नाही, बर्लिंग्टनच्या त्या 126 इनिंगसाठी.