लाकूडविक्रीतला वाटा की अमेरिकी संसदेची (काँग्रेसची) भरपाई : काउंटीने काय निवडावे?

अमेरिकेत संघ सरकारच्या जमिनीवर काउंटीला, म्हणजे जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासनाला, मालमत्ता कर लावता येत नाही. त्यामुळे जिचा मोठा भूभाग राष्ट्रीय वनांखाली आहे, अशा काउंटीने शाळा आणि रस्ते कशाच्या बळावर चालवायचे, हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे.

१९०८ च्या कायद्याने वनांच्या उत्पन्नातील २५ टक्के रक्कम शाळा-रस्त्यांसाठी देऊ केली. ऑरेगन राज्याच्या पश्चिम भागात रेल्वे कंपनीकडून परत घेतलेल्या जमिनींबाबत १९३७ चा कायदा अधिक उदार असून, तेथील १८ काउंट्यांना निम्मा वाटा मिळतो व तो कोणत्याही कामी वापरता येतो. या पद्धतीत काउंटीला आपल्या जंगलाचे उत्पन्न हक्काने मिळते. पण १९९० मध्ये ठिपकेदार घुबडाला संरक्षण मिळाल्यावर वृक्षतोड घटली आणि वाटाही आटला. शाळेचा पगार झाडे किती पडतात यावर अवलंबून असणे मला मुळातच अयोग्य वाटते.

२००० च्या ‘सिक्युअर रूरल स्कूल्स’ कायद्याने वृक्षतोडीच्या जुन्या भरभराटीच्या वर्षांतील वाट्याच्या सरासरीवर आधारलेली भरपाई हा पर्याय दिला. रक्कम बहुतेक ठिकाणी वाट्याहून मोठी असते, परंतु कायद्याला मुदत असते. ती २००६ मध्ये संपली आणि एप्रिल २००७ मध्ये ऑरेगनच्या जॅक्सन काउंटीने आपली सर्व १५ सार्वजनिक ग्रंथालये बंद केली. ती उघडायला काही महिने गेले. शेजारच्या जोसेफिन काउंटीचा कायम कर हजार डॉलर करमूल्यामागे सुमारे ५९ सेंट, म्हणजे लाकडाचा पैसा येत असतानाच्या काळातला आणि म्हणून फार कमी. २०१२ मध्ये मतदारांनी जादा कर नाकारला आणि शेरिफच्या (काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या) बहुतेक कर्मचाऱ्यांना घरी जावे लागले.

याशिवाय १९७६ पासून संघ सरकार आपल्या करमुक्त जमिनीबद्दल काउंटीला देत असलेले कराऐवजीचे अनुदान एकरांवर व लोकसंख्येवर ठरते आणि खर्चाला मोकळे असते. मात्र त्याच्या एका सूत्रात आधी मिळालेला वनांचा पैसा वजा होतो. म्हणून वाटा आणि भरपाई यांची तुलना करताना हे अनुदान किती घटेल, तेही त्याच कागदावर मांडावे.

लाकूडविक्री खरोखर तेजीत नसेल, तर उपलब्ध असेपर्यंत भरपाईच घ्यावी असे माझे मत आहे. मात्र ती पूल, रस्ते आणि वणवा-प्रतिबंध अशा एकरकमी कामांना लावावी. पोलीस व ग्रंथालयांचे पगार स्थानिक करांतूनच भागवावेत, त्यासाठी मतदारांसमोर पुन्हा पुन्हा जावे लागले तरीही.