एका रात्रीच्या पावतीवर साउथ डकोटाचे रहिवासी: चौदा महिन्यांनंतरचा अनुभव

कॉलेजात असताना डोमिसाइलच्या दाखल्यासाठी महाराष्ट्रातल्या पंधरा वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे घेऊन मी तहसील कचेरीच्या फेऱ्या मारल्या होत्या. त्यामुळे साउथ डकोटात कॅम्पग्राउंडवरच्या एका रात्रीच्या पावतीवर लायसन्स हातात पडलं, याचं मला अजून नवल वाटतं.

ऑगस्ट 2024 मध्ये न्यू जर्सीतलं घर विकून आम्ही दोघं मोटरहोममध्ये राहायला आलो. घर चाकांवर असलं तरी कर, विमा, मतदान, गाडीची नोंदणी यांसाठी कुठलं तरी एक राज्य आपलं म्हणून दाखवावं लागतं. पूर्णवेळ आरव्हीत, म्हणजे अशा राहत्या गाडीत, राहणारे बरेच जण साउथ डकोटा, टेक्सस किंवा फ्लोरिडा निवडतात. तिन्हीकडे राज्याचा आयकर नाही, आणि टपाल घेऊन पुढे पाठवणाऱ्या सेवाही तिथे जुन्या आहेत.

आम्ही साउथ डकोटा घेतलं ते सोपं म्हणून, आणि ते खरंच सोपं आहे. आधी टपालसेवेचा पत्ता घेतला. त्यासाठी पोस्टाचा 1583 क्रमांकाचा फॉर्म नोटरीसमोर भरला. मग एक रात्र मुक्काम, रहिवासाचं प्रतिज्ञापत्र, जुनं लायसन्स जमा. नवं पाच वर्षांचं मिळालं. न्यू जर्सीत विक्रीकर 6.625 टक्के, इथे गाडीवर 4 टक्के. आमच्या 90,000 डॉलरच्या गाडीवर सव्वादोन हजारांहून जास्त वाचले. गाडी तपासणीला न्यायची कटकट नाही. पहिले तीन महिने मी भेटेल त्याला हेच राज्य सुचवत होते.

आता नाही सुचवत. निदान पासष्टीच्या आतल्यांना तरी नाही.

कारण आरोग्यविमा. आम्ही घेतलेल्या योजनेतले डॉक्टर जवळजवळ सगळे त्या राज्यातले आणि आजूबाजूचे. बाहेर फक्त तातडीचे उपचार. हिवाळ्यात आम्ही अ‍ॅरिझोनात क्वार्ट्झसाइटला होतो. तिथे सरकारी वाळवंटी जमिनीवर तेव्हा 180 डॉलरच्या परवान्यात सप्टेंबर ते एप्रिल असा अख्खा मोसम राहता येत होतं. जानेवारीत नवऱ्याच्या पोटात दुखायला लागलं, पित्ताशयात खडे निघाले. त्या रात्रीचा खर्च विम्यानं दिला. पण पुढच्या तपासण्या आणि ठरवून करायची शस्त्रक्रिया अ‍ॅरिझोनात बसत नव्हती. दुखणं अंगावर घेऊन हजाराहून जास्त मैल, भर हिवाळ्यात उत्तरेकडे गाडी हाकायची की पैसे खिशातून भरायचे? आम्ही भरले. करात वाचवलेले सगळे त्यात गेले, वर आणखी गेले. मेडिकेअर, म्हणजे पासष्टीनंतर मिळणारा सरकारी आरोग्यविमा, असलेल्या शेजाऱ्यांना हा प्रश्नच नव्हता. साधं मेडिकेअर देशभर चालतं.

दुसरी गोष्ट मतदानाची, आणि ती मला पैशांपेक्षा जास्त लागली. साउथ डकोटानं 2023 मध्ये मतदार नोंदणीसाठी 30 दिवसांच्या वास्तव्याची अट घातली. आम्ही एक रात्र राहून पश्चिमेला निघालो होतो, न्यू जर्सी तर सुटलंच होतं. नागरिकत्वाची शपथ घेतल्यापासून मी एकही निवडणूक चुकवली नव्हती. नोव्हेंबर 2024 ची चुकली. चूक आमचीच, अट आधी वाचायला हवी होती.

बँकेचंही सांगते. एका बँकेनं टपालसेवेचा पत्ता राहण्याचा पत्ता म्हणून मान्य केला नाही आणि खातं काही आठवडे अडकवून ठेवलं. जुनी खाती आहेत तशी चालू ठेवून, नवा पत्ता कोण घेतं ते आधी फोनवर विचारून मगच घर सोडा. वर्षाचा जेवढा भाग जुन्या राज्यात राहिलात, तेवढ्याचं करपत्रक तिथे भरायलाही विसरू नका. तिथलं घर, लायसन्स, मतदार नोंदणी यांतलं काही मागे राहिलं, तर तुम्ही अजून तिथलेच असा अर्थ निघू शकतो.

आता आम्ही फ्लोरिडाला चाललोय. वाटेत भेटलेल्या बऱ्याच फ्लोरिडावाल्यांना दुसऱ्या राज्यांतही नेटवर्कमधले, म्हणजे विमा योजनेतले, डॉक्टर मिळत होते. स्वस्त नाही ते: गाडीच्या पहिल्या नोंदणीलाच 225 डॉलर वेगळे. पण मतदार नोंदणी निवडणुकीच्या 29 दिवस आधीपर्यंत होते, आणि विम्याची नावनोंदणी 1 नोव्हेंबरपासून सुरू होतेय. काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, क्लार्ककडे अधिवासाचं प्रतिज्ञापत्र देता येतं. त्यात ही जागा आपण कायमचं घर मानतो असं शपथेवर लिहावं लागतं. म्हणून या वेळी त्याच काउंटीत तीन महिन्यांची जागा आधी ठरवली आहे. सही तिथे राहायला लागल्यावरच करणार.