मेंदूतील क्षयाची गाठ: कॉन्ट्रास्ट एमआरआय आणि स्पेक्ट्रोस्कोपी

फिट आल्यामुळे रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापूरला नेलेल्या रुग्णाच्या अहवालात ‘कडेने उजळणारी गाठ’ असे लिहिलेले असते, तेव्हा ती क्षयाची, फीतकृमीच्या अळीची की कर्करोगाची, हा घरच्यांना छळणारा प्रश्न असतो. गॅडोलिनियम या गाठ उजळवणाऱ्या द्रव्याचे इंजेक्शन देऊन केलेला एमआरआय, म्हणजेच कॉन्ट्रास्ट एमआरआय, गाठींची संख्या, जागा आणि मेंदूच्या आवरणाचा दाह एकाच वेळी दाखवतो. टी-२ या, पाणी पांढरे दाखवणाऱ्या एमआरआय चित्रात घट्ट गाभ्याची क्षयगाठ बहुधा काळसर दिसते; अळीच्या पुटीतले पाणी मात्र पांढरे दिसते आणि त्यात अळीचे डोके ठिपक्यासारखे आढळले, तर निदान जवळजवळ पक्के होते.

त्याच एमआरआय यंत्रावर होणारी स्पेक्ट्रोस्कोपी आकार न पाहता गाठीतली रसायने तपासून त्यांचा आलेख काढते. क्षयगाठीत ०.९ ते १.३ पीपीएमच्या (आलेखाच्या आडव्या मोजपट्टीचे एकक) आसपास लिपिडचे, म्हणजे मेदाचे, ठळक शिखर उमटते, कारण क्षयजंतूंचे आवरणच मेदयुक्त असते. तथापि, आतून मृत झालेल्या कर्करोगाच्या गाठीतही लिपिड सापडते. शिवाय मोजणीची चौकट कवटीजवळच्या चरबीला लागली किंवा गाठ फारच लहान असली, तर आलेख फसवा ठरतो.

म्हणून पहिला मान कॉन्ट्रास्ट एमआरआयचाच, असे माझे ठाम मत आहे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास तो इंजेक्शनपूर्वी अवश्य सांगावा. संशय उरला, तर त्याच वेळी स्पेक्ट्रोस्कोपी करून घ्यावी आणि तिचा निष्कर्ष छातीच्या तपासणीशी ताडून पाहावा.