स्टार गोल्ड कार्ड, १४ महिने वापरून: आधी तिकिटावरचं ते एक अक्षर बघा

स्टार गोल्ड म्हणजे स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटातल्या एखाद्या कंपनीच्या सभासद कार्यक्रमातला वरचा दर्जा. तो असूनही माझ्या फ्रँकफर्ट–मुंबईच्या उड्डाणाचे पॉइंट शून्य लागले. दोनदा अर्ज केला, दोन्ही वेळा एका ओळीचं उत्तर आलं की हा क्लास पात्र नाही. म्हणून हे लिहायला घेतलं. गोल्डला काय काय मिळतं याची यादी सगळ्यांना माहीत आहे, ती परत देत नाही. कार्ड देणाऱ्या कंपनीचं नावही घेत नाही, कारण हा घोळ थोड्याफार फरकाने सगळ्याच कार्यक्रमांत आहे.

ई-तिकिटावर 'इकॉनॉमी'च्या बाजूला एक इंग्रजी अक्षर असतं. वाय, बी, एम, के, एल, टी असं काहीतरी. तिकीट काढताना नजर भाड्यावर, वेळेवर आणि बॅगेच्या किलोंवर असते, त्या अक्षराकडे कुणी बघत नाही. भागीदार कंपनीच्या, म्हणजे गटातल्या दुसऱ्या कंपनीच्या विमानात मात्र पॉइंट किती ते त्यावरच ठरतं. मुंबई–फ्रँकफर्ट हे अंतर सुमारे ४,१०० मैल. समजा तुमच्या कार्यक्रमाच्या तक्त्यात त्या कंपनीच्या 'एम'ला १०० टक्के, 'टी'ला ५० टक्के आणि 'के'ला शून्य लिहिलंय. मग त्याच विमानात, शेजारशेजारच्या तीन खुर्च्यांवर बसलेल्या तिघांना ४,१००, २,०५० आणि शून्य मिळणार. जेवण तेच, खुर्ची तीच, भाड्यात कधीकधी दोन-तीन हजारांचाच फरक.

हा तक्ता प्रत्येक भागीदारासाठी वेगळा असतो आणि तो तुमच्या कार्यक्रमाच्या साइटवर असतो, विमान कंपनीच्या साइटवर नाही. इथंच बरेच जण चुकतात. लुफ्तान्साच्या विमानाचं अक्षर लुफ्तान्साच्या स्वतःच्या कार्यक्रमात चांगले पॉइंट देत असेल, म्हणून तुमच्या कार्यक्रमातही देईल असं नाही. तक्ता बदलला तरी त्याचा ईमेल येईलच असं नाही, पानावरची तारीख तेवढी बदलते. तिकीट काढायच्या दिवशी त्या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. पुढे वाद झाला तर तोच एक पुरावा हातात असतो.

आता हा घोळ आला कुठून ते. पूर्वी घरच्या (म्हणजे कार्यक्रम चालवणाऱ्या कंपनीच्या) विमानाचे आणि भागीदाराच्या विमानाचे पॉइंट अंतरावरच मोजायचे. एप्रिल २०२४ मध्ये एअर इंडियाने आपल्या विमानांसाठी खर्च केलेल्या रुपयांवर पॉइंट द्यायला सुरुवात केली, भागीदारांसाठी मात्र अंतर आणि अक्षर हेच माप ठेवलं. बाकी बऱ्याच मोठ्या कार्यक्रमांनी हे त्याआधीच केलं होतं. म्हणजे घरच्या विमानाला रुपयांचं माप, पाहुण्याच्या विमानाला मैलांचं. रुपये मोजताना मूळ भाडं आणि कंपनीचा सरचार्ज धरतात, जीएसटी आणि विमानतळाचे कर धरत नाहीत. चाळीस हजारांच्या तिकिटात करांचा वाटा किती, हे पावतीवर एकदा नीट बघा, म्हणजे पॉइंट कमी का आले ते कळेल.

दर्जा टिकवायचा हिशेब आणखी निराळा. युनायटेडच्या कार्यक्रमात भागीदाराच्या उड्डाणाचे जे मैल मिळतात त्यांना ५ ने किंवा ६ ने भागून दर्जाचे पॉइंट काढतात, ५ की ६ हे भागीदार कोणत्या गटातला आहे त्यावर. शिवाय वर्षात युनायटेडची स्वतःची किमान ४ उड्डाणं लागतात. म्हणजे नुसतं भागीदारांवर उडून दर्जा मिळत नाही. कार्यक्रम निवडताना ही अट आधी शोधा, वरच्या दर्जाचे फायदे नंतर वाचा.

परत अक्षराकडे, कारण अर्ज दोनदा का फेटाळला गेला याचं उत्तर तिथंच आहे. कोडशेअरच्या तिकिटाला दोन अक्षरं असतात. तिकीट एका कंपनीने विकलेलं, विमान दुसरीचं. विकणाऱ्या कंपनीचं अक्षर ई-तिकिटावर छापलेलं असतं. उडवणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेत त्याच खुर्चीला वेगळं अक्षर लागतं, आणि बोर्डिंग पासवर बहुतेक वेळा ते दुसरं अक्षर येतं. काही कार्यक्रम विकणाऱ्याचं अक्षर धरतात, काही उडवणाऱ्याचं. या उड्डाणात ई-तिकिटावर 'के' होतं, बोर्डिंग पासवर 'टी'. कार्यक्रमाचा नियम उडवणाऱ्या कंपनीचं अक्षर धरायचा, पण अर्जात 'के' भरलेलं. अर्ज तपासणाऱ्या माणसाने सोबत जोडलेला बोर्डिंग पास उघडून बघितला असता तर पहिल्याच दिवशी काम झालं असतं. नुसतं अर्जातलं अक्षर बघून दोन महिने घालवले, याचा राग आहे.

म्हणून बोर्डिंग पास जपा. तो कागद उष्णतेने छापलेला असतो. एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर पडून राहिला तर अख्खा काळवंडतो. पाकिटाच्या प्लॅस्टिकच्या खणात ठेवला तर महिन्या-दोन महिन्यांत अक्षरं उडतात, कारण प्लॅस्टिकमधला मऊपणा आणणारा घटक त्या छपाईला खातो. गेटवर उभे असतानाच चारही कोपरे दिसतील असा फोटो काढा आणि त्यात तीन गोष्टी वाचता येतात का ते बघा: क्लासचं अक्षर, तुमचा सभासद क्रमांक आणि त्यापुढे तारा व 'जी'. तारा-जी छापलेला नसेल तर त्या कंपनीच्या यंत्रणेला तुम्ही गोल्ड आहात हे माहीतच नाही. तिथल्या तिथं काउंटरवर सांगून नवा पास छापून घ्या, विमानात बसल्यावर काही होत नाही.

क्रमांक गायब का होतो? एक कारण ऑनलाइन चेक-इन. भागीदाराच्या साइटवर तुमचं तिथलं जुनं खातं असेल तर ती आपला क्रमांक घालून तुमचा काढून टाकते, आणि एकदा दुसऱ्या खात्यात पॉइंट जमा झाले की परत वळवता येत नाहीत. दुसरं कारण आपल्याकडचं खास आहे, नाव. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र, सभासद खात्यात फक्त स्वतःचं, आणि एजंटने तिकिटावर तिसराच प्रकार केलेला. माणूस बघेल तर ओळखेल, यंत्रणा ओळखत नाही आणि पॉइंट अडकतात. खात्यातलं नाव पासपोर्टप्रमाणे करून घ्या. त्याला पासपोर्टची प्रत लागते, वेळ जातो, पण एकदाच करायचं काम आहे.

पहिले सात-आठ महिने माझं मत होतं की इकॉनॉमीत उडणाऱ्याला या कार्डाचा उपयोग नाही, पॉइंटच येत नाहीत तर करायचंय काय. ते मत मागे घेतो. पॉइंट हा या कार्डाचा सगळ्यात कमजोर भाग आहे, वजन हा सगळ्यात भक्कम. तिकिटावर किलोचा हिशेब असेल तिथं गोल्डला २० किलो जास्त, नगाचा हिशेब असेल तिथं एक नग जास्त. आमच्या कोल्हापूरकडच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फौंड्रीवाल्यांना हे समजवायला नको. पंपाच्या हाउसिंगचे दोन नमुने, वर मोजमापाचे रिपोर्ट आणि पॅकिंग, की २० किलो भरलेच. डसेलडॉर्फचं गिफा हे फौंड्रीचं प्रदर्शन चार वर्षांतून एकदा येतं, मागचं जून २०२३ मध्ये झालं, पुढचं २०२७ मध्ये आहे. तोवर गोल्ड हातात असेल तर कुरिअरचा खर्च वाचतो, आणि हा वाचलेला रुपया पॉइंटसारखा मुदतीने संपत नाही.

यात चूक होते ती नगाच्या हिशेबात. जास्तीचा नग म्हणजे इकॉनॉमीत साधारण २३ किलोची दुसरी पेटी, पहिल्या पेटीत २३ किलो वाढवणं नव्हे. ३० किलोची एकच लाकडी पेटी नेली तर एक नग शिल्लक असूनही जादा वजनाचे पैसे भरावे लागतात, आणि ३२ किलोंवर तर बरेच विमानतळ पेटी घेतच नाहीत. नमुने दोन पेट्यांत विभागा, घरीच लटकत्या काट्यावर २२ ला थांबा. विमानतळाचा काटा अर्धा किलो इकडेतिकडे दाखवतोच. 'फक्त हँडबॅग' प्रकारच्या स्वस्त तिकिटावर जास्तीचा नग मिळतो की नाही हे कंपनीवर आहे, ते लेखी विचारून घ्या.

आणि हे सगळं कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर चालत नाही. कोल्हापूरहून उडणाऱ्या इंडिगो आणि स्टार एअर या दोन्ही कंपन्या स्टार अलायन्समध्ये नाहीत. स्टार एअर घोडावत समूहाची, आपल्याच भागातली. नावात 'स्टार' असल्यामुळे काउंटरवर गोल्ड कार्ड पुढे करणारे लोक असतात, पण दोघांचा संबंध काही नाही. असाच दुसरा घोटाळा अलायन्स एअरचा. २०१८ च्या अखेरीस तिची कोल्हापूरहून हैदराबाद-बंगळूरची विमानं सुरू झाली, तेव्हा ती एअर इंडियाची उपकंपनी होती. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली, अलायन्स एअर सरकारकडे राहिली, आणि एप्रिल २०२२ पासून तिची तिकिटं वेगळी झाली. कोल्हापुरात बसून अलायन्सच्या साखळीत शिरायची जी एक वाट होती ती तिथंच बंद झाली. माझ्या मते कोल्हापूरकरांचं खरं नुकसान हेच, टक्केवारीच्या कुठल्याही बदलापेक्षा मोठं.

आजची सोयीची वाट म्हणजे इंडिगोने हैदराबाद आणि तिथून लुफ्तान्साचं फ्रँकफर्ट, जे जानेवारी २०२४ पासून सुरू आहे. पण दोन वेगळी तिकिटं काढली तर पहिल्या टप्प्याला इंडिगोचे १५ किलोच धरतात. लुफ्तान्साला दोन पेट्या फुकट, आणि कोल्हापूर–हैदराबादला त्याच पेट्यांचे जादा वजनाचे पैसे. शिवाय पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसरं तिकीट वाया जातं, तिथं गोल्ड कामाला येत नाही. जड नमुने असतील तर रात्रीच्या गाडीने मुंबई गाठणं अजूनही स्वस्त पडतं. पेट्या डिकीत जातात, किलो कुणी मोजत नाही.

एअर इंडिया एक्सप्रेसही अलायन्सची सदस्य नाही. एअर इंडियाच्या नंबराने तिकीट घेतलं आणि खाली बारीक अक्षरात 'एक्सप्रेसचं विमान' असं लिहिलेलं असेल, तर जास्तीचं वजन आणि लाउंज दोन्ही गृहीत धरू नका. तिकीट काढताना ती बारीक ओळ वाचायचीच.

भागीदार किती झटकन बदलतात याचं उदाहरण एसएएस या स्कँडिनेव्हियन कंपनीचं. १९९७ साली ज्या पाच कंपन्यांनी स्टार अलायन्स काढली त्यांतली ही एक. ३१ ऑगस्ट २०२४ ला बाहेर पडली, १ सप्टेंबरला स्कायटीम या दुसऱ्या गटात गेली. त्या सप्टेंबरचं तिकीट आधीच काढून ठेवलेल्या गोल्डवाल्यांचं लाउंज आणि वजन एका रात्रीत संपलं, कारण फायदा उड्डाणाच्या दिवशीच्या नियमाने मिळतो, तिकिटाच्या दिवशीच्या नाही. विस्ताराचं उलटं झालं. १२ नोव्हेंबर २०२४ ला ती एअर इंडियात विलीन झाली, क्लब विस्ताराचे पॉइंट एकास एक वळले आणि कुठल्याच अलायन्समध्ये नसलेले सभासद स्टारच्या साखळीत आले. त्यांच्यासाठी हा बदल चांगला झाला.

लाउंजबद्दल थोडक्यात. एक पाहुणा चालतो, पण तोही स्टारच्याच विमानाने जाणारा हवा. रात्रभर गाडीतून आल्यावर मुंबईत आंघोळीची सोय मिळाली तर बरं वाटतं, पण त्यासाठी कार्ड घेऊ नये.

विमान रद्द होऊन कंपनीने दुसऱ्याच कंपनीच्या विमानात बसवलं तर अक्षर बदलतं आणि पॉइंट अडकतात. तेव्हा 'ओरिजिनल राउटिंग क्रेडिट' हे शब्द वापरून मागा, म्हणजे मूळ तिकिटाप्रमाणे पॉइंट द्या. तो मूळ कंपनीकडे मागायचा, ज्या विमानात बसलात तिच्याकडे नाही.

अर्जाची मुदत बहुतेक ठिकाणी सहा महिने ते एक वर्ष. सोबत १३ आकडी ई-तिकीट क्रमांक लागतो, सहा अक्षरी पीएनआर चालत नाही. पहिल्या तीन आकड्यांवरून तिकीट कुणी काढलंय ते कळतं: ०९८ एअर इंडिया, २२० लुफ्तान्सा, ६१८ सिंगापूर, ०१६ युनायटेड, २३५ टर्किश. अर्जात कंपनीच्या रकान्यात विमान कुणाचं ते आणि क्रमांकाच्या रकान्यात तिकीट कुणाचं ते, अशी दोन वेगळी नावं आली तर घाबरू नका, कोडशेअरमध्ये तसंच असतं. फेटाळला तर नवा अर्ज भरू नका, त्याच केस नंबरवर उत्तर द्या. नवा नंबर पडला की रांग पहिल्यापासून लागते.

हे लिहून होईपर्यंत तिसरं उत्तर आलं. त्याच केस नंबरवर, 'टी' अक्षराभोवती लाल गोल काढलेला बोर्डिंग पासचा फोटो आणि तक्त्याचा जुना स्क्रीनशॉट जोडला होता. चार दिवसांत २,०५० पॉइंट जमा झाले. जातानाच्या उड्डाणाचं अक्षर मात्र दोन्हीकडे 'के'च आहे, त्याचं काही होणार नाही.