झाडावरच्या घरासाठी सांगली-मिरजेतला जुना माल: काय घ्यावं, काय वखारीतच सोडावं

निकाल आधीच सांगतो. सांगली-मिरज पट्ट्यातल्या जुन्या लाकडाच्या वखारी, भंगाराची दुकानं आणि तासगाव-पलूसकडून येणारा मोडलेल्या द्राक्षबागांचा माल, एवढ्यावर आठ बाय आठ फुटांचं झाडावरचं घर जवळजवळ पूर्ण उभं राहतं. जवळजवळ म्हणायचं कारण एकच, झाडात जाणारा बोल्ट. तो कितीही जाड आणि मजबूत दिसला तरी भंगारातला घ्यायचा नाही. बाकी सगळं जुनं चालतं, काही बाबतीत तर जुनंच चांगलं.

पुढचा सगळा हिशेब या मांडणीचा आहे: एका बाजूला झाड, दुसऱ्या बाजूला दोन खांब, वर दोन तुळया, त्यांवर सात कड्या (तुळयांवर आडवी टाकायची लाकडं) आणि फळ्यांची जमीन. ही जमीन खालच्या मातीपासून सात-आठ फूट उंच. चारही टोकं झाडाला बांधण्यापेक्षा ही रचना सोपी, आणि झाडाला भोकंही कमी पडतात.

वखारीतला सर्वांत चांगला माल म्हणजे पाडलेल्या वाड्यांचं सागवान. कडीपाटाच्या (कड्यांवर पाट टाकून केलेल्या छताच्या) कड्या, पाट, तुळया, वासे, खांब, सगळं मिळतं. हे लाकूड पन्नास-साठ वर्षं छपराखाली वाळलेलं असतं, त्यामुळे नव्या सागवानासारखं बसवल्यावर पीळ घेत नाही. झाडावरच्या घरात याला फार महत्त्व आहे. झाड आधीच हलतं, त्यात लाकूडही वाकलं तर सांधे उघडतात. पण 'सागवान' म्हणून दाखवलेल्या ढिगात ऐन, किंजळ, बाभूळ बेमालूम मिसळलेली असते. रंधा मारून पाहा. सागवानाचा चामड्यासारखा वास येतो आणि कापलेला भाग बोटांना किंचित तेलकट लागतो. ऐन आणि बाभूळ हातात घेताच जड लागतात. ती वाईट लाकडं नाहीत, पण खाली खांबाला वापरायची, वर न्यायची नाहीत.

तुळई निवडताना आधी टोकं बघा. वाड्याच्या तुळईचं टोक भिंतीत चिणलेलं असतं आणि तेच आधी कुजतं, कारण भिंतीची ओल तिथेच साठते. पटाशीचं टोक दाबून पाहा. सहज आत गेलं तर ते लाकूड गेलेलं आहे. प्रत्येक टोकाचे सहा ते नऊ इंच कापून टाकायचे हे धरूनच लांबी घ्या, म्हणजे दहा फुटी तुळई हवी तर साडेअकरा फुटांची विकत घ्यायची. वखारवाला मोजतो पूर्ण लांबी. टोकांची घट तो सहसा वजा करत नाही, पण कुजका भाग दाखवून आधी बोललं तर बरेच जण ऐकतात. माप घनफुटात होतं: इंचात रुंदी गुणिले इंचात जाडी गुणिले फुटांत लांबी, भागिले 144. तीन बाय आठ इंचांची दहा फुटी तुळई 1.67 घनफूट भरते. वखारीत टेप आणि कागद स्वतःचा न्या.

दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे कुसाच्या खोबणी. जुन्या तुळईला मध्येच कडी बसवण्यासाठी खोबण पाडलेली असते. तिथे लाकूड जितकं कमी तितकी ताकद कमी, आणि खोबण खालच्या बाजूला मधोमध असेल तर वजनाने तुळई तिथूनच तडकते. अशी तुळई उलटी करून खोबण वर घ्या किंवा ती कापून आखूड कामाला लावा.

पुराचा माल ओळखता येणं इथे आवश्यक आहे. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांत नदीकाठची कितीतरी जुनी घरं पडली. 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी 45 फूट आहे. अशा घरांतलं लाकूड पाण्यात राहिलेलं असतं. खोबणींत आणि भेगांत बारीक गाळ अडकलेला दिसतो, खांबावर पाण्याची आडवी रेघ असते. सागवान असेल, नंतर नीट वाळलं असेल आणि पटाशी आत जात नसेल तर घ्यायला हरकत नाही. पुरात भिजलेला प्लायवूड मात्र फुकट मिळाला तरी नको. त्याचे थर सुटलेले असतात.

कीड दोन प्रकारची. वाळवी लागलेलं लाकूड ठोकल्यावर पोकळ वाजतं, ते सोडून द्या. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुसा असेल तर भुंग्याच्या अळीचं काम आहे. भोकं जुनी आणि भुसा नसेल तर कीड संपलेली असू शकते. ताजा भुसा पडत असेल तर ती अजून आत आहे. सागवानाच्या बाहेरच्या फिक्या लाकडातच ती बहुधा राहते, म्हणून तो भाग रंध्याने काढला की आतलं पिवळसर-तपकिरी लाकूड चांगलं निघतं. टाकणखार आणि बोरिक ॲसिड पाण्यात विरघळवून दोन-तीन हात दिले तर कीड परत लागत नाही, पण हे द्रावण पावसाने धुऊन जातं. छपराखालच्या लाकडालाच द्या. उघड्या लाकडाला जवसाचं तेल, आणि कापलेल्या टोकांना दोनदा तेल, कारण पाणी आडव्या अंगातून कमी आणि टोकातून जास्त शिरतं.

खिळ्यांचा त्रास होणारच. जुन्या लाकडात घडीव खिळे असतात आणि त्यांची डोकी तुटून आत राहतात. करवत गिरणीवाला असं लाकूड परत पाठवतो, नाहीतर पात्याचे पैसे मागतो, आणि त्यात त्याची चूक नाही. लोहचुंबक किंवा छोटा मेटल डिटेक्टर लाकडावरून फिरवून प्रत्येक जागी खडूची खूण करा, मग पहार आणि पकडीने काढा. जुना तेलरंग असेल तर कोरडा घासू नका. त्यात शिसं असण्याची शक्यता असते. ओला करून खरवडा, नाकाला मास्क लावा.

आता वजन, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. वाळलेलं सागवान घनफुटाला साधारण 18-19 किलो भरतं. 64 चौरस फुटांची एक इंची फळ्यांची जमीन, तीन बाय चार इंचांच्या सोळा इंचांवर टाकलेल्या सात कड्या आणि दोन तुळया मिळून सुमारे 13 घनफूट, म्हणजे 250 किलो. एवढं ठीक. भिंती पूर्ण उंचीच्या एक इंची फळ्यांच्या केल्या तर आणखी 300 किलोंच्या वर जातं, म्हणून भिंती तीन फुटांपर्यंतच फळ्यांच्या आणि वर मोकळ्या ठेवा. छपराचं तर बोलायलाच नको. मंगलोरी कौलं दिसायला सुंदर, वखारीत हजारोंनी पडलेली, आणि झाडावर नेऊ नयेत अशीच. चौरस मीटरला पंधराच्या आसपास बसतात, एक अडीच किलोंचं. दोन्ही बाजूंनी फूटभर ओसरती (भिंतीबाहेर येणारं छप्पर) धरली तर छप्पर अकरा चौरस मीटरच्या आसपास होतं, कौलं 400 किलो, आणि पावसात भिजून आणखी जड. हेच छप्पर अर्ध्या मिलिमीटरच्या जुन्या पत्र्याचं केलं तर 55 किलोंत होतं. शिवाय झाड हलतं तेव्हा कौलं सरकतात.

जुना पत्रा घेताना आकाशाकडे धरून भोकं मोजा. भोकं पत्र्याच्या उंचवट्यावर असतील तर डांबरी वायसर आणि मास्टिकने बुजतात, खोलगट भागात असतील तर तिथून पाणी गळतच राहतं. खिळे मारू नका, इंग्रजी J अक्षराच्या आकाराचे हूक बोल्ट घ्या, कारण एप्रिल-मेच्या वळवाचा वारा खालून पत्रा उचलतो. साताऱ्याच्या पश्चिमेला, जावळी-पाटणच्या जोरदार पावसाच्या बाजूला घर बांधत असाल तर उतार जास्त ठेवा आणि ओसरती दीड फूट. पत्र्याखाली कडीपाटाचे पातळ पाट मारले की पावसाचा आवाज बराच कमी होतो, उन्हाची धगही.

द्राक्षबागेचा माल हा या भागाचा खास फायदा आहे आणि तो फार कमी लोक वापरतात. बाग मोडली की लोखंडी अँगल आणि मांडवाची तार भंगाराच्या भावात निघते. अँगलचा जमिनीत गाडलेला भाग आणि जमिनीलगतचे पाच-सहा इंच गंजाने पातळ झालेले असतात. तेवढं कापून टाकलं की वरचा भाग उत्तम. तिरप्या आधारांना, जिन्याच्या कठड्याला तो लावा. जस्ताची तार कठड्यात चार-चार इंचांवर आडवी ताणली तर मूल निसटणार नाही. ठिबकची 16 मिमीची जुनी नळी तारेवर चढवली तर हाताला तार कापत नाही. एक सक्त सूचना: ही तार झाडाच्या खोडाभोवती कधीही गुंडाळू नका, नळी घालूनसुद्धा नाही. खोड जाड होत जातं, तार सालीत रुतते, पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत जाणं थांबतं आणि झाड वरून हिरवं दिसत असतानाच मरायला लागतं.

आणि तो बोल्ट. झाडात भोक पाडलं तर झाड मरतं हा समज चुकीचा आहे. झाड जखमेभोवती लाकडाची भिंत घालून तिला बंदिस्त करतं. बरीच छोटी भोकं जवळजवळ पाडली तर मात्र मधलं लाकूड मरून कुजतं. म्हणून एक जाड बोल्ट, दहा खिळे नकोत. वर तुळईसाठी एक आणि तीन फूट खाली तिरप्या आधारांसाठी एक. परदेशात यासाठी खास कॉलरवाले (दांड्याभोवती जाड गोल कडं असलेले) बोल्ट मिळतात. इथे कुपवाड एमआयडीसीतल्या लेथवर तसेच करून घेता येतात: ईएन 19 किंवा ईएन 24 पोलाद, सव्वा इंची दांडा, तीन इंच व्यासाची कॉलर, ती खोडात दीड इंच आत बसेल अशी. दांडा आणि कॉलर एकाच सळईतून कातून घ्या. काही ठिकाणी कॉलर वेल्डिंगने चिकटवून देतात, ते घेऊ नका. या पोलादाला वेल्डच्या कडेला चीर जाते आणि ती बाहेरून दिसत नाही. वरून जस्ताचा थर द्यायला सांगा.

तुळई या बोल्टावर टेकवायची, आवळायची नाही. खांब जागचे हलत नाहीत आणि झाड हलतं, म्हणून तुळईखालच्या पट्टीला दोन-तीन इंचांचा लांबट गाळा ठेवा आणि वाऱ्याने उचलू नये म्हणून खालून सैल लोखंडी कडी. जमिनीच्या फळ्या खोडापासून तीन इंच दूर.

झाड चिंचेचं मिळालं तर दुसरं शोधू नका. जांभूळ चांगलं. आंबा चालतो, पण जुन्या आंब्याचं खोड आतून पोकळ असू शकतं, म्हणून मोगरीने ठोकून सगळीकडून ऐका. शेवगा, पांगारा, गुलमोहर यांवर काही बांधू नका. बोल्टाच्या उंचीला खोड किमान फूटभर जाड हवं, या हिशेबाला दीड फूट. आंबा, चिंच, जांभूळ ही 1964 च्या वृक्षतोड कायद्यातली झाडं आहेत, फांद्या छाटण्याआधी विचारून घ्या.

खांबांसाठी वाड्याचे खांब तळखड्यासकट मागा. दगडी तळखडा खांबाचं पाऊल जमिनीच्या वर ठेवतो आणि हीच त्याची सगळी किंमत. फक्त तो काळ्या मातीवर ठेवू नका. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वर्षभरात खांब तिरका होतो. मुरूम लागेपर्यंत खणा, दगड-काँक्रीटचा पाया घ्या, त्यात सळईचा खुंट सोडून तळखडा आणि खांब दोन्हींत अडकवा.

रेल्वेचे जुने स्लीपर दाखवले तर नको म्हणा. क्रिओसोट (कोळशाच्या डांबराचं तेल) पाजलेलं लाकूड उन्हात वास सोडतं, हाताला लागतं, आणि राहायच्या जागेत ते चालत नाही.

वखारींच्या सेवेबद्दल थोडं. माल दाखवायला माणूस बरोबर देतात, ढीग उलटवून देतात, हे चांगलं. कापून देण्याचं काम मात्र घाईत होतं, काटकोन चुकतो, म्हणून लांबी सोडून बाकी कापणी सुताराकडेच करा. टेम्पोचं भाडं भावात धरलेलं आहे का, ते आधी विचारा. आणि सागवान नेताना घनफूट लिहिलेली पक्की पावती खिशात ठेवा, वाटेत वन खात्याची तपासणी झाली तर ती दाखवता येते.