60 लिटर की 250 लिटर? घरातली पहिली समुद्री टाकी निवडताना

समुद्री टाकी घ्यायची म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: मोठी घ्या, मोठी सांभाळायला सोपी. मीही तो ऐकला होता. दोन्ही आकार घरात सांभाळल्यावर आता वाटतं की तो अर्धाच खरा आहे, आणि भारतात राहणाऱ्यासाठी तर अर्ध्याहूनही कमी.

आधी खरा भाग. माझ्या 60 लिटरच्या टाकीत एक गोगलगाय दगडामागे मेली, आम्ही दोन दिवस गावाला होतो. परत आलो तेव्हा अमोनिया चढलेला होता आणि क्लाउनफिशची जोडी गेली होती. तेवढीच गोगलगाय 250 लिटरमध्ये मेली असती तर बहुधा कळलंही नसतं. खाणं जास्त पडलं, एखादं द्रावण जास्त ओतलं गेलं, तरी हाच हिशेब. चूक तेवढीच, पाणी चौपट.

पाणी उडण्याबाबत मात्र लहान टाकीला उगाच जास्त दोष दिला जातो. पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून खारेपणा वाढतो. 60 लिटरमधून रोज एक लिटर उडालं तर तीन दिवसांत खारेपणा 35 वरून (म्हणजे किलोभर पाण्यात 35 ग्रॅम मीठ) 36.8 वर जातो. 250 लिटरच्या टाकीचा वरचा पृष्ठभाग साधारण तिप्पट असतो, म्हणून तिथून रोज तीन लिटर धरा. तीन दिवसांत 36.3. फरक आहे, पण लोक सांगतात तेवढा नाही. शिवाय मोठ्या टाकीखालच्या सम्पमधूनही, म्हणजे गाळणीच्या जोडटाकीतूनही, पाणी उडतंच. दोन्हीकडे रोज आरओचं गोडं पाणी भरावं लागतं, किंवा आपोआप भरणारं यंत्र बसवावं लागतं. घरच्या प्यायच्या आरओवर विसंबू नका. त्यातल्या बऱ्याच यंत्रांत चवीसाठी थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळलेलं असतं आणि टाकीत तपकिरी शेवाळ धरतं. टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो तो) शून्य दिसलं पाहिजे.

उन्हाळ्याचा मुद्दा तुम्ही कुठे राहता त्यावर ठरतो. टाकीचं पाणी 25-26 अंशांवर हवं. पुण्यात एप्रिल-मेची हवा कोरडी असते, त्यामुळे टाकीवर छोटा पंखा लावला की पाणी दोन-तीन अंश सहज उतरतं. लहान टाकीचा उन्हाळा मी तसाच काढला, फक्त गोडं पाणी जास्त भरावं लागलं. मुंबईत किंवा कोकण किनाऱ्यावर दमट हवेत पाणी नीट उडत नाही, पंख्याचा फारसा उपयोग होत नाही, चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, घ्यावाच लागतो. 60 लिटरचा चिलर छोटा असतो. 250 लिटरचा घ्याल तेव्हा किंमत, विजेचं बिल आणि त्याने खोलीत सोडलेली गरम हवा, तिन्ही मोजा.

वजनाचं थोडक्यात. 250 लिटरची टाकी काच, दगड, सम्प, स्टँड धरून 400 किलोच्या आसपास जाते, तेही अर्ध्या चौरस मीटरवर. जुन्या इमारतीत असाल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय आणू नका. भिंतीला लागून, तुळईवर ठेवा. खोलीच्या मधोमध कधीच नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. मोठ्या टाकीचा सल्ला बाहेरच्या देशांतून येतो, आणि तो कठीण प्रवाळ पाळणाऱ्यांचा आहे. त्या प्रवाळांना सांगाडा बांधायला पाण्यातलं कॅल्शियम आणि क्षारता रोज लागते, म्हणून ती द्रावणं थोडी थोडी सोडणारे डोसिंग पंप, महागडे दिवे आणि भरपूर स्थिर पाणी. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार रीफ (प्रवाळभिंती) बांधणारे सगळे कठीण प्रवाळ आणि समुद्रपंखे 2001 पासून पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या अनुसूचीत आहे, त्याच. लक्षद्वीप, मन्नारचं आखात किंवा मालवणच्या समुद्रातून काढलेला दगडही दुकानात दिसला तर हात लावू नका. कोरडे, बनवलेले दगड वापरा.

म्हणजे आपल्यासाठी उरतात ते मऊ प्रवाळ: मशरूम, झोअँथिड, लेदर. यांना कॅल्शियमची भूक नगण्य. मग डोसिंगचा सगळा पसारा गळून पडतो. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं की पुरतं. 60 लिटरसाठी ते सहा लिटर, एक बादलीसुद्धा भरत नाही. 250 साठी 25 लिटर आरओ, त्यात सुमारे 900 ग्रॅम मीठ, आणि ते उचलून ओतणारे हात. मी दोन वर्षं हे केलं, आणि कंटाळून पाणी बदलणं पुढे ढकललं की मोठी टाकीही बिघडते. फक्त हळूहळू. (झोअँथिड हाताळताना हातमोजे घाला. त्यांचा दगड कधीही उकळू नका, काहींमध्ये जीवघेणं विष असतं.)

मग 250 कोणी घ्यावी? ज्यांना सहा-आठ मासे हवेत, किंवा क्लाउनफिश खऱ्या समुद्रफुलात (सी ॲनिमोनी) शिरताना बघायचा आहे, त्यांनी. समुद्रफूल जागा बदलत फिरतं आणि जुनं, मुरलेलं पाणी मागतं. 60 लिटरमध्ये त्याला ठेवणं क्रूरपणा आहे. निळ्या टँग माशासाठी मोठी घेत असाल तर थांबा. तो 30 सेंटिमीटरपर्यंत वाढतो, त्याला 250 लिटरही कोंडवाडाच.

ज्यांच्या घरात रोज कोणीतरी पाच मिनिटं टाकीपाशी उभं राहणार आहे, त्यांनी मात्र 60 घ्यावी. एक क्लाउनफिशची जोडी, एखादा गोबी, मऊ प्रवाळ, बस. क्लाउनफिश हॅचरीतलेच मागा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांचं प्रजनन तंत्र कधीच बसवलं आहे, ऐरोलीतही हॅचरी आहे, समुद्रातून पकडलेला मासा घ्यायला काही कारण उरलेलं नाही. आणि वीज जाते तिथे वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप) इन्व्हर्टरवर ठेवा. लहान टाकीत ऑक्सिजन लवकर संपतो.

घरी वारंवार आठ-आठ दिवस कोणी नसेल, तर सध्या दोन्ही नको.