लाइम: चट्टा बघून औषध की ब्लड टेस्टची वाट?

लाइम हा गोचिडीतून पसरणारा जिवाणूंचा आजार. तो असलेल्या भागात गोचीड चावली की साधारण 3 ते 30 दिवसांत लाल चट्टा येऊ शकतो आणि हळूहळू पसरत जातो, बऱ्याचदा ना खाज ना दुखणं, म्हणून लोक सोडून देतात. असा चट्टा दिसला तर टेस्टसाठी थांबूच नये असं मला वाटतं, कारण टेस्ट रक्तातल्या अँटीबॉडी (जंतूंशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं) शोधते आणि त्या तयार व्हायला काही आठवडे लागतात, तोवर रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो आणि पेशंटला वाटतं सुटलो! डॉक्टर नुसत्या चट्ट्यावरून डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू करू शकतात. पण चट्टा सगळ्यांनाच येत नाही, काही महिन्यांनी गुडघा टम्म सुजला तर तिथे टेस्टच कामाची. फक्त बरं झालं का बघायला ती परत परत करू नका, अँटीबॉडी वर्षानुवर्षं राहू शकतात.